पाहुण्यांचा कप

आपल्याकडे नव्या माणसाची ओळख करून देताना नावाआधी गाव सांगतात, आणि गाव सांगून झालं की कुणाचा कोण ते सांगतात. आदिलाबादच्या माणसाला मुंबईच्या रोव्हर्स कपाची ओळख करून द्यायची, तर नातं हैदराबादकडून लावावं लागतं. फुटबॉलचा हा कप जन्मानं मुंबईकर, वळणानं गोऱ्या पलटणीतला. पण भर उमेदीतली सलग पाच वर्षं त्याने तुमच्या जुन्या राजधानीत काढली, हैदराबाद सिटी पोलिसांच्या घरी. तेव्हा त्याला अगदीच परका समजू नका. सुरुवातीला जरा ताठ वाटेल. छावणीतलं बालपण आहे, थोडा ताठा राहायचाच. दहा मिनिटं बसा त्याच्याजवळ, मग पाहा कसा खुलतो.

जन्मसाल १८९१. थोरला भाऊ ड्युरंड कप, तीन वर्षांनी मोठा, सिमल्याला जन्मलेला. धाकटी बहीण आयएफए शील्ड, १८९३ सालची, कलकत्त्याची. ड्युरंड थंड हवेत, व्हाइसरॉयच्या शेजारात वाढला. शील्ड मैदानावरच्या गर्दीत आणि आरड्याओरड्यात वाढली. रोव्हर्स वाढला बंदरात. बंदरातल्या मुलाला येणाऱ्याजाणाऱ्यांची फार सवय असते. आज उतरलेली पलटण काही वर्षांनी बोटीत बसून निघून जाणार, तिच्या जागी नवी येणार, आणि हा नव्या पलटणीच्या खांद्यावर जाऊन बसणार. घरच्यांपेक्षा पाहुण्यांची ओढ ही जी खोड त्याला जन्मभर चिकटली, तिचं मूळ मला इथेच दिसतं.

पहिल्याच वर्षी त्याला वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने नेलं. मग पुढची कितीतरी वर्षं तो खाकीखेरीज दुसरा रंग ओळखतच नव्हता. कुलाबा, पुणे, खडकी, देवळाली, नगर, महू, सिकंदराबाद, जिथे जिथे गोऱ्या शिपायांची बराक होती तिथे तिथे त्याचं आजोळ. लष्करात फुटबॉल ही करमणूक कमी आणि औषध जास्त. उन्हाने आणि एकटेपणाने पिसाळलेला शिपाई संध्याकाळी दारूकडे वळण्याऐवजी चेंडूकडे वळावा, ही अधिकाऱ्यांची धडपड. त्या धडपडीतून सगळे थोरले चषक जन्मले, आणि रोव्हर्सलाही वाटू लागलं की फुटबॉल म्हणजे बूट घातलेल्या, लालबुंद चेहऱ्याच्या, धिप्पाड माणसांचा खेळ. १९३७ उजाडेपर्यंत एकाही हिंदी संघाचं नाव त्याने अंगावर कोरू दिलं नाही. हा त्याचा दुर्गुण आहे आणि तो झाकायचं मला काही कारण नाही. ज्या शहराचं पाणी प्यायचं, त्याच शहराच्या पोरांना दाराबाहेर उभं करायचं, ही उद्धटपणाची तऱ्हा त्या काळात फक्त याच्याकडेच होती असंही नाही. जिमखान्यांची फाटकं तशीच होती. पण याने ती फार दिवस जपली.

मत्सरीही आहे. मुंबईत क्रिकेटचं नाव काढलेलं त्याला खपत नाही, आणि त्यात त्याची चूक म्हणवत नाही. १९११ साली पालवणकर बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर ११४ बळी घेऊन आले, पुढच्याच वर्षी मुसलमानांचा संघ येऊन क्रिकेटची स्पर्धा चौरंगी झाली, आणि शहराच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही. फुटबॉलच्या वाट्याला काय आलं? पावसाळा. बॅटी तेल लावून कोपऱ्यात गेल्या, खेळपट्ट्यांवर गुडघाभर गवत आलं, मैदानात पाणी साचलं, की मगच मुंबईला फुटबॉल आठवायचा. १९०२ पासून हारवूड लीगचे सामने त्या चिखलात सुरू झाले. घसरत, आपटत, चेंडू कुठे आणि चिखलाचा गोळा कुठे हे न कळत पोरं खेळायची. गिरगावातली, माझगावातली, भायखळ्यातली पोरं. रोव्हर्स त्यांना पाहत असणार. बोलवत मात्र नव्हता.

त्याच १९११ सालच्या जुलैत मुंबईत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन उभी राहिली आणि रोव्हर्सला एक रीतसर पालक मिळाला. आणि त्याच जुलैत, २९ तारखेला, तिकडे कलकत्त्यात धाकट्या बहिणीने घरात स्फोट केला. मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी. बूट घातलेला एकटा सुधीर चटर्जी, तोही पेशाने कॉलेजातला प्राध्यापक. कारकून, विद्यार्थी, मास्तर अशा माणसांनी पलटण हरवली होती. कलकत्त्यात लोक रस्त्यावर नाचले. बंगालच्या फाळणीची जखम ओली होती, ती रद्द व्हायला अजून काही महिने होते, आणि त्या संध्याकाळी लोकांना फक्त एक कप मिळाला नव्हता.

धाकटीने इतकं केल्यावर थोरल्यांनी काय करावं? रोव्हर्सने बारा वर्षं विचार केला. मधे महायुद्ध आलं, पलटणी आघाडीवर गेल्या, स्पर्धा थांबली, हे कारण खरंच आहे. तरीही बारा वर्षं. अखेर १९२३ मध्ये त्याने मोहन बागानला बोलावणं धाडलं. आणि आता एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे: ड्युरंडने बागानला बोलावलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, १९२५ मध्ये. सैनिकी घराण्यातल्या दोघा भावांमध्ये दार आधी उघडलं ते यानेच. बंदरातला मुलगा तो, वारा कुठून वाहतो ते त्याला आधी कळलं.

बागानचा तेव्हाचा कप्तान गोष्ठ पाल. बचावाला उभा राहिला की पुढे जाण्याची वाटच संपायची, म्हणून लोकांनी त्याला चीनची भिंत म्हटलं. ही भिंत अनवाणी होती. समोरच्याच्या बुटाला लोखंडासारखी कडक चामड्याची टाच, आणि याच्या पायात काही नाही. बागान थेट अंतिम सामन्यापर्यंत आला. तिथे डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना ४-१ असं हरवलं. पाहुणा पहिल्याच भेटीत माजघरापर्यंत येऊन रिकाम्या हाताने परतला. पण त्या एका गोलाचंही मोल मोठं. त्यानंतर रोव्हर्सला गोऱ्यांच्या पंगतीत पूर्वीसारखी गोडी राहिली नाही, असं त्याच्या पुढच्या वागण्यावरून म्हणता येतं. बागानने मात्र ती भेट विसरू नये इतकी मनाला लावून घेतली. कप त्यांच्या हाती यायला १९५५ उजाडावं लागलं. बत्तीस वर्षं त्याने त्यांना झुलवलं, आणि मग असा काही जीव लावला की एकंदर चौदा वेळा त्यांच्याकडे गेला. इतक्या वेळा तो दुसऱ्या कुणाकडेच गेलेला नाही.

१९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनीच. पंचेचाळीसहून अधिक वर्षांचा हट्ट त्या एका मोसमात सुटला, आणि सुटला तो कायमचा. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने नेला. १९४९ मध्ये ईस्ट बंगालने. त्याचं हे मला आवडतं. अढी धरतो तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या धरतो, सोडतो तेव्हा मागे वळून पाहत नाही.

आता तुमच्या हैदराबादकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत देखणा काळ हाच.

निजामाच्या राज्यात विद्यापीठ एकच, उस्मानिया. १९१८ मध्ये स्थापन झालेलं, उर्दूतून शिकवणारं. औरंगाबादचा मुलगा असो, नांदेडचा असो की आदिलाबादचा, संस्थानात राहून पदवी घ्यायची तर वाट तिकडेच जायची. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ १९५८ पर्यंत मिळालं नाही. त्या उस्मानियाच्या आवारात आजी-माजी विद्यार्थ्यांनी एक फुटबॉल संघ बांधला होता, नाव ‘इलेव्हन हंटर्स’. कॉलेजच्या पोरांनी ठेवावं असंच नाव. त्या संघात एक तरुण होता, १९०९ साली जन्मलेला सय्यद अब्दुल रहीम. पुढे तो शाळामास्तर झाला, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, आणि हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाची सूत्रं त्याच्या हाती आली. तिथून तो रहीमसाब झाला. मरेपर्यंत रहीमसाब.

मास्तर कायम मास्तरच राहिला, हे त्याच्या पद्धतीत दिसतं. हैदराबादेत त्याने अशा स्पर्धा भरवल्या की ज्यांत फक्त कच्च्या पायाने खेळायचं. उजव्या पायाचा खेळाडू डाव्याने, डाव्या पायाचा उजव्याने. काही स्पर्धांत चेंडू पायाशी ठेवून समोरच्याला चकवत पळायला बंदी. आला की पुढच्याकडे द्यायचा. ज्या विषयात पोरगा कच्चा, त्याच विषयाचा गृहपाठ. फुटबॉलमध्ये आपल्याकडे तोवर शूर खेळाडू होते, कसबी खेळाडू होते. पण अकरा जणांनी मिळून एका डोक्याने खेळायचं, चेंडू जमिनीलगत ठेवायचा, छोटे छोटे पास देत समोरच्याला दमवायचं, हे शिकवणारा माणूस दुर्मीळ होता. नूर महंमद, अझीझुद्दीन, मोईनुद्दीन असे खेळाडू या तालमीत तयार झाले आणि भारताच्या संघात गेले.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. माणसांच्या मनावरचे ओरखडे ताजे होते, दोन्ही बाजूंचे. आणि दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हैदराबादचा पोलीस संघ मुंबईत येऊन रोव्हर्स कप घेऊन गेला. १९५१ मध्ये पुन्हा. १९५२, १९५३, १९५४. सलग पाच वर्षं. रोव्हर्सचा स्वभाव पाहता हे नवलच, कारण बंदरात वाढलेला हा गडी एका घरी फार दिवस टिकत नाही. पण रहीमसाबांपुढे त्याचं काही चाललं नाही. एखाद्या वाह्यात मुलाने कडक मास्तरांच्या वर्गात मात्र पहिल्या बाकावर बसावं, तसा तो पाच वर्षं हैदराबादेत बसून राहिला. मुंबईकर वाट पाहायचे आणि हा तिकडे चारमिनारच्या गावात.

या पाच वर्षांत देशाचा फुटबॉलही बदलत होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे थोडक्यात हरले, तेव्हा त्या अनवाणी पायांचं कौतुक झालं. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने दहा गोल केले, तेव्हा ते कौतुक गोठलं. मग बूट सक्तीचे झाले. रोव्हर्सने हे स्थित्यंतर अगदी जवळून पाहिलं आहे. बुटांनी तुडवलेले अनवाणी पाय त्याने १९२३ मध्ये पाहिले, आणि तीस वर्षांनी त्याच पायांनी बूट चढवलेलेही पाहिले. जुन्या मैदानी माणसांना अनवाणी खेळाचा फार उमाळा येतो. मला येत नाही. पोराच्या पायाचं बोट मोडतं तेव्हा त्यात काव्य नसतं.

मग १९५६ चा १ नोव्हेंबर आला आणि हैदराबाद राज्याच्या वाटण्या झाल्या. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिलं, पण त्यातले किनवट आणि राजुरा हे मराठी तालुके तोडून मुंबई राज्याला जोडले गेले. रातोरात पैनगंगेच्या आसपासच्या सोयऱ्यांच्या राजधान्या वेगळ्या झाल्या. आणि पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, हैदराबाद सिटी पोलिसांनी पुन्हा रोव्हर्स जिंकला. आता पाहा पंचाईत. किनवटचा माणूस कागदोपत्री यजमानांच्या राज्यातला, आदिलाबादचा माणूस पाहुण्यांच्या. वर्षभरापूर्वीपर्यंत दोघांचा संघ एकच, जिल्हाही एकच. कपाला असल्या हद्दी कधी कळल्या नाहीत. तो आपला जुन्या ओळखीने, जुन्या वाटेने हैदराबादला गेला.

संघाचं नाव पुढे आंध्र पोलीस झालं तरी त्याने ओळख सोडली नाही. १९६० मध्ये गेला, १९६२ मध्ये ईस्ट बंगालबरोबर वाटून गेला. त्याच १९६२ मध्ये रहीमसाबांनी प्रशिक्षक म्हणून जकार्ताच्या एशियाडमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून. तेव्हा त्यांना कर्करोगाने गाठलं होतं. जून १९६३ मध्ये ते गेले. त्या वर्षी आंध्र पोलिसांनी रोव्हर्स पुन्हा जिंकला, आणि तो शेवटचा. त्यानंतर कप त्या घरी गेलाच नाही. नऊ वेळा ज्या उंबऱ्यावर त्याने पाऊल ठेवलं, तिथे मास्तर नाहीत म्हटल्यावर तो फिरकला नाही.

वाटून दिल्याचा विषय निघालाच आहे, तर त्याची आणखी एक तऱ्हा सांगतो. माणूस भिडस्त. दोन जुने पाहुणे समोरासमोर आले आणि दोघांपैकी कुणीच हटेना, की याला कुणा एकाला नाही म्हणवत नाही. १९६२ मध्ये आंध्र पोलीस आणि ईस्ट बंगाल दोघांनाही विजेते ठरवलं. १९७२ मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. आता या दोघांचं वैर म्हणजे कलकत्त्यात घराघरांत पोहोचलेलं, एक घोटी, म्हणजे पश्चिम बंगालचा, तर एक बांगाल, पूर्वेकडचा. एक जिंकला की कोळंबी महाग, दुसरा जिंकला की हिलसा महाग. त्यांच्यातही याने वाटणी केली. १९८० मध्ये ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग. अशा निकालाने कुणाचंच समाधान होत नाही, हे त्याला कळत नसेल असं नाही. पण भीड.

थोडा मिरवतोही. कूपरेज हे त्याचं घर, ओव्हलच्या शेजारचं, आझाद मैदानापासून हाकेवर, आणि ऑफिसं सुटली की चाकरमानी पायी चालत येऊ शकतील अशा मोक्याच्या जागी. तिथे सामन्याला सिनेमातली बडी मंडळी येऊन बसायची आणि याची कॉलर ताठ व्हायची. दिलीपकुमारांना फुटबॉलचं वेड होतं. पडद्यावर खलनायकी करणाऱ्या प्राणसाहेबांनी मुंबईत डायनामोज नावाचा फुटबॉल क्लब पोसला. सचिनदेव बर्मन कट्टर ईस्ट बंगालचे, मन्ना डे तितकेच कट्टर मोहन बागानचे. एकाच गाण्यासाठी एकत्र बसणारी ही दोन माणसं या एका बाबतीत कधी एका सुरात आली नाहीत. क्रिकेटपेक्षा आपल्या अंगणात नट जास्त येतात, याचा रोव्हर्सला आतून फार आनंद असणार. मत्सरी माणसाला एवढा आनंद तरी मिळू द्यावा.

घरच्यांच्या वाट्याला मात्र तो जेमतेमच आला. मुंबईच्या कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाने १९५८ मध्ये नेला. या संघात नेव्हिल डिसोझा होता, मूळचा गोव्यातल्या आसगावचा, ज्याने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला. त्या सामन्यात भारत ४-२ असा जिंकला आणि पुढे चौथा आला. माटुंग्यात खेळून तयार झालेला, दोन ऑलिंपिक पाहिलेला गोलरक्षक एस. एस. नारायणही कॅल्टेक्सकडून खेळला. १९६५ मध्ये मफतलालने नेला. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या शहरात गिरणीच्या संघाने कप जिंकावा, याहून रास्त काय असणार? पण असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. ज्या शहराने त्याला सांभाळलं, त्या शहराला त्याने पाहुण्यांच्या पानात वाढलेलं बघायला लावलं. मुंबईकरांनी ते सोसलं आणि वर टाळ्याही वाजवल्या. याबद्दल मुंबईकराला कुणी श्रेय देत नाही, म्हणून मी देतो. बंगालचे, पंजाबचे, हैदराबादचे, केरळचे संघ आले की त्या त्या मुलखाची माणसं डबे घेऊन कूपरेजवर जमायची, आणि संध्याकाळपुरतं ते मैदान त्यांच्या गावात जायचं.

गोवेकरांचा जिव्हाळा त्याहून जुना. धोबीतलावच्या आणि माझगावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत चालवलेल्या वसतिगृहांत, बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारे खलाशी राहायचे. ते फुटबॉल खेळायचे, फुटबॉलवर भांडायचे, आणि मुंबईच्या बहुतेक संघांत त्यांचे डिसोझा-फर्नांडिस असायचेच. पण गोव्याचा म्हणून संघ यायला गोवा १९६१ मध्ये मुक्त व्हावा लागला. १९७४ साली धेंपोने रोव्हर्स जिंकला. मांडवीकाठचा पहिलाच संघ. धेंपोने १९७८ आणि १९७९ मध्ये तो लागोपाठ नेला, पुढे साळगावकरही आले. उतारवयात त्याला गोव्याची हवा मानवली होती.

आणि मग तो हळूहळू खचत गेला. यात एकाच कुणाचा दोष काढता येणार नाही. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्याबरोबर गिरण्यांचे संघ गेले. फेडरेशन कप आला, १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, आणि मोठ्या क्लबांच्या वर्षाच्या तारखा तिकडे बांधल्या गेल्या. टीव्हीवर इंग्लंड-इटलीचे सामने दिसू लागले आणि तिकीट काढून लाकडी बाकावर बसण्याची माणसांची सवय मोडली. २०००-०१ च्या मोसमात मोहन बागानने चर्चिल ब्रदर्सला हरवून तो जिंकला. त्यानंतर स्पर्धा झाली नाही. शेवट जाहीर करायला सभा नाही, निरोपाचा सामना नाही. एकशे दहा वर्षांचं हे माणूस मुंबईच्या ध्यानातून निघून गेलं आणि शहराने चौकशीही केली नाही. याचा मला राग आहे. क्रिकेटचा प्रत्येक जुना स्टंप काचेच्या कपाटात ठेवणाऱ्या शहराला एवढा विसराळूपणा शोभत नाही.

त्यानंतर मुंबईत फुटबॉल मेला असं कुणी म्हणू नये. महिंद्रा युनायटेड २०१० पर्यंत खेळली. २०१४ मध्ये मुंबई सिटी आली आणि २०१६ पासून अंधेरीत खेळू लागली. कूपरेजवर आता कृत्रिम हिरवळ आहे, पावसाने चिखल होत नाही, पोरं आपटली तरी कपडे स्वच्छ राहतात. हे सगळं चांगलंच आहे. फक्त घरचं वडीलधारं माणूस नाही.

थोरल्या ड्युरंडचीही मधे अशीच गत झाली होती. दोन-तीन मोसम तो भरलाच नाही. मग २०१९ मध्ये लष्कराने त्याला कोलकात्यात नेलं, तिथल्या गर्दीत उभं केलं, आणि म्हातारा पुन्हा हिंडूफिरू लागला. रोव्हर्सचं तसं का होऊ नये? कारणं शोधणाऱ्यांना तारखा मिळत नाहीत, प्रायोजक मिळत नाहीत, आणखीही बरंच मिळत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की या वेळी आमंत्रणाची यादी करताना आधी घरच्यांची नावं लिहावीत. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम असे पेठापेठांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, कुस्तीच्या त्या गावात फुटबॉलला स्टेडियम ओसंडतं, आणि तिथला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळून आला. या तालमींना रेल्वेची तिकिटं पाठवा. हलगी घेऊन आले तर अडवू नका. पाहुण्यांच्या पलटणी पाहून झाल्या, आता पेठेतली पोरं त्या ताठ म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन कूपरेजच्या फाटकातून बाहेर पडताना एकदा बघायची आहेत.